‘अपमान झाला म्हणून ताज बांधलं’: मेसेजमधलं एकेक वाक्य तपासू

कापसाचे भाव ज्या ग्रुपांवर येतात, त्याच आपल्या गावोगावच्या ग्रुपांवर सध्या हाही मेसेज फिरतोय: ‘नागपुरात एम्प्रेस मिल काढणाऱ्या जमशेटजी टाटांना मुंबईच्या वॉटसन हॉटेलने “फक्त गोऱ्यांसाठी” म्हणून दारातून परत पाठवलं. त्यांनी समोरच, गेटवेपुढे, ताज बांधून सूड घेतला. कारागिरांनी नकाशा उलटा धरला, म्हणून इंग्रज आर्किटेक्टने वरून उडी मारली. वॉटसनचा आज सांगाडा उरलाय, तो त्या अपमानाचा शाप.’

‘समोरच’ आधी निकालात काढू. वॉटसन काळा घोड्याला, ताज अपोलो बंदरावर. मध्ये जवळपास एक किलोमीटर. आणि गेटवे तेव्हा होतंच कुठे? ताज १६ डिसेंबर १९०३ ला उघडलं. गेटवेची पायाभरणी १९११ ची, उद्घाटन १९२४ चं.

आता अपमान. वॉटसनमध्ये युरोपियनांचाच राबता होता, हे खरं. पण जमशेटजींना परत पाठवल्याची त्या काळची नोंद कुणी दाखवत नाही, आणि सांगणाऱ्यागणिक हॉटेलही बदलतं: कुणी वॉटसन म्हणतं, कुणी पाइक्स अपोलो. त्यांचे स्नेही आणि ताजच्या कंपनीचे सुरुवातीचे एक संचालक लोवॅट फ्रेझर यांनी वेगळंच लिहून ठेवलंय. हॉटेलचा विचार जमशेटजींच्या मनात फार दिवसांचा होता, त्यासाठी अभ्यास झालेला होता. हॉटेलमालक व्हायची हौस नव्हती, बाहेरचे लोक हिंदुस्थानात यावेत आणि मुंबई सुधारावी, एवढंच होतं.

विदर्भातल्या माणसाला तरी याचं नवल वाटू नये. गिरण्या मुंबईत निघत असताना या गृहस्थाने मिल काढली नागपुरात. कापूस भोवतालच्या शिवारातला, कोळसा वरोऱ्याचा, रेल्वे १८६७ लाच आलेली. मिल सुरू केली १ जानेवारी १८७७ ला, म्हणजे व्हिक्टोरिया हिंदुस्थानची सम्राज्ञी जाहीर झाली त्याच दिवशी, आणि नावही ‘एम्प्रेस’. हा सूड घेत फिरणाऱ्याचा स्वभाव दिसत नाही, हिशेब करणाऱ्याचा दिसतो. ताजमध्येही तेच: वीज, अमेरिकन पंखे, जर्मन लिफ्ट, तुर्की हमाम. रागाच्या भरात कुणी लिफ्टची कोटेशनं मागवत बसत नाही, बाप्पा!

ताजमुळे वॉटसनचं गिऱ्हाईक तुटलं, एवढं मात्र मान्य.

उलट्या नकाशाची गोष्ट तर मराठी माणसाने पुढे पाठवूच नये. ताजचे मूळ आर्किटेक्ट रावसाहेब सीताराम खंडेराव वैद्य, सोबत डी. एन. मिर्झा. वैद्य १९०० साली, काम चालू असतानाच वारले. उरलेलं काम डब्ल्यू. ए. चेंबर्स या इंग्रज इंजिनियरने पुरं केलं, म्हणजे इमारतीचं तोंड कुठे आहे हे त्यांना पहिल्या दिवसापासून दिसत होतं. मग उडी मारली कुणी? मुळात उलटं काहीच नाही. इमारत इंग्रजी ‘यू’ अक्षरासारखी, उघडी बाजू शहराकडे. बग्ग्या शहरातून यायच्या, म्हणून दार तिकडे, आज पोहण्याचा तलाव आहे तिथे. समुद्राची बाजू खोल्यांना दिली. ये-जा समुद्राकडून सुरू झाली ती नंतर.

राहिला शाप. वॉटसनची इमारत १८६० च्या दशकाच्या शेवटी उभी राहिली. सांगाडा रोलंड ऑर्डिश यांच्या डिझाइनचा, इंग्लंडमध्ये घडवून सुट्या भागांत जहाजाने आणलेला. खांब ओतीव लोखंडाचे, आडव्या तुळया घडीव लोखंडाच्या. ओतीव लोखंड दाब भरपूर सोसतं, पण ताण आला की तडकतं. म्हणून ते उभं, आणि वाकणं सोसणारं घडीव लोखंड आडवं. विटा नुसत्या भरणीच्या, भार सगळा लोखंडावर. जुन्या जिनिंगमधले ओतीव खांब ज्यांनी पाहिलेत त्यांना हे लगेच कळेल. पावसाचं पाणी विटांत मुरलं की आतलं लोखंड गंजतं. गंज मूळ लोखंडापेक्षा जास्त जागा घेतो, त्यामुळे विटा फुटतात, भेगा पडतात, आणि पुढच्या पावसाचं पाणी आणखी आत जातं. त्यात खोल्यांमध्ये आडभिंती आणि पोटमाळे चढले, तुळयांवर न मोजलेला भार आला. देखभाल कुणीच केली नाही. २००५ साली दर्शनी भाग कोसळून एकाचा जीव गेला. इथे शाप कुठे आहे? तुंबलेली पन्हाळी आणि न मारलेला रंग आहे.