१०००/६००० चा दगड आणि टोमॅटोवर घसरणारी सुरी : आपल्या अभिप्रायाला उत्तर

सप्रेम नमस्कार.

आपण आमच्या दुकानाला एक तारा देऊन तीन तक्रारी लिहिल्या आहेत. आमच्याकडून धार लावण्याचा १०००/६००० चा दुहेरी दगड (एका बाजूला १००० नंबरचे जाड कण, दुसऱ्या बाजूला ६००० चे बारीक) नेऊन महिना झाला तरी सुरी टोमॅटोवर घसरते. दगड मध्यभागी खोलगट झाला. आणि आपल्या घरातील १००० नंबरच्या जुन्या दगडापेक्षा हा खरखरीत लागतो, म्हणजे त्यावरचा नंबर खोटा आहे. दारावर येणारा धारवाला तीस रुपयांत याहून चांगली धार लावून देतो, असेही आपण म्हटले आहे.

पहिली तक्रार खरी आहे आणि त्यात चूक आमची आहे. दगड दाखवण्याआधी ‘सुरी कोणती आहे?’ हे विचारायला हवे होते, ते आमच्याकडून राहिले. आपण जोडलेल्या छायाचित्रातील सुरी साध्या स्टेनलेसची दिसते. अशा सुऱ्यांचे पोलाद कडकपणा मोजण्याच्या रॉकवेल मापावर बहुधा ५२ ते ५६ च्या आसपास असते, आणि ६००० ची बाजू ही ६० च्या पुढच्या कडक जपानी पात्यांना शोभणारी आहे. मऊ पोलादाला इतकी गुळगुळीत धार दिली की ती दिसते आरशासारखी, पण टोमॅटोची साल तिला पकडता येत नाही. सालीत शिरण्यासाठी धारेला डोळ्यांना न दिसणारे बारीक दाते लागतात. ते १००० चा दगड ठेवतो आणि ६००० चा घासून टाकतो. काल रात्री आमच्या घरातील तशाच सुरीला मी फक्त १००० वर धार लावली, तेव्हा ती केवळ स्वतःच्या वजनाने टोमॅटोत उतरली. तीच सुरी ६००० वर वीस वेळा ओढल्यावर सालीवरून सरकू लागली.

छायाचित्रात आणखी एक गोष्ट दिसते. पात्याच्या टोकाजवळ धारेवर बारीक पांढरी रेघ चमकते आहे. खऱ्या धारेवरून प्रकाश परतत नाही, त्यामुळे जिथे ही रेघ दिसते तिथे १००० चे काम अपुरे राहिले आहे. एका बाजूने घासताना पोलादाची अगदी बारीक कड दुसऱ्या बाजूला उलटते. अंगठा पात्याच्या पाठीकडून धारेच्या दिशेने हलकेच बाहेर नेला की ती लागते. मुठीपासून टोकापर्यंत ती सलग लागल्याखेरीज बाजू बदलू नये, आणि शेवटी अगदी हलक्या हाताने आलटून पालटून ओढून ती काढून टाकावी. हे दुकानात करून दाखवायला पाच मिनिटेही लागत नाहीत. आपल्याला ते दाखवले गेले नाही, याचे मला वाईट वाटते.

नंबराबाबत मात्र मी दगडाची बाजू घेईन. हा दगड जपानी मापाचा आहे आणि त्या मापात १००० म्हणजे साधारण साडेअकरा मायक्रॉनचा कण (मायक्रॉन म्हणजे मिलिमीटरचा हजारावा भाग). युरोपीय ‘एफ’ मापात १००० चा कण सुमारे साडेचार मायक्रॉनचा, म्हणजे जपानी ३००० च्या जवळपासचा असतो. आपल्या जुन्या दगडावर १००० च्या आधी ‘एफ’ अक्षर आहे का, ते कृपया पाहावे. असेल तर दोन्ही नंबर आपापल्या जागी खरे आहेत.

दगड खोलगट होणे हा पाण्याच्या, म्हणजे पाणी लावून वापरायच्या, दगडाचा स्वभाव आहे. त्याचे कण मुद्दाम सैल बांधलेले असतात. बोथट झालेले सुटतात, खालचे ताजे वर येतात, आणि म्हणूनच तो भराभर कापतो. जाड सपाट काचेवर १२० नंबरचा वॉटर पेपर ओला करून ठेवावा, दगडावर पेन्सिलीने चौकटी आखाव्यात आणि सगळ्या रेघा पुसल्या जाईपर्यंत घासावे. एरवी धार लावताना दगडाची पूर्ण लांबी वापरावी.

धारवाल्याच्या हाताला मी कमी लेखणार नाही. कुरुंद या कडक दगडाची पूड आणि लाख यांची साण, म्हणजे धार लावण्याचे चाक, आपल्याकडे पिढ्यान्‌पिढ्या चालत आली आहे, आणि तिच्या जाड कणांमुळे सुरी टोमॅटोवर लगेच चालते. परंतु कोरड्या चाकावर पोलाद फार झिजते, आणि पाते तापून निळे पडले तर तेवढ्या भागाचा कडकपणा जातो. वर्षातून एकदा, खांडे पडल्यावर, त्याच्याकडे जरूर द्यावी. दर पंधरा दिवसांनी नव्हे.

आपण दगड आणि सुरी घेऊन यावे. या दगडाच्या बदल्यात मी ४००/१००० चा देईन आणि किमतीतील फरक परत करीन. आपल्या सुरीला तोच पुरतो. मी स्वतः सकाळी अकरा ते एक दुकानात असतो. येताना एक पिकलेला टोमॅटोही आणावा, म्हणजे आपल्यासमोरच कापून पाहता येईल.

आपला,
दुकानमालक