'स्पष्टवक्ता' यांना उत्तर: ज्यांना काहीच झालं नाही, त्यांच्या दारात आम्ही का जातो

'स्पष्टवक्ता' या नावानं लिहिणाऱ्या सोलापूरच्याच एका वाचकांनी 'महाप्रसादानंतरची विषबाधा: तपास कसा होतो' या माझ्या लेखाखाली मोठी प्रतिक्रिया दिली आहे. ज्यांनी ती वाचली नसेल त्यांच्यासाठी थोडक्यात सांगतो. प्रयोगशाळेचा अहवाल यायला फार दिवस लागतात, आला तरी गावाला कुणी कळवत नाही, आचाऱ्यावर काही होत नाही, लेखातला एक आकडा चुकला आहे, असं त्यांचं म्हणणं. आणि मग हे वाक्य: "लोक सलाईनवर पडलेले असताना तुमची माणसं धडधाकट लोकांच्या दारात जाऊन 'काय काय जेवलात' विचारत फिरतात, हा सरकारी पगारावरचा टाइमपास आहे. काय खाऊन झालं हे गावातलं शेंबडं पोरगंसुद्धा सांगतं."

आधी चूक मान्य करतो. क्लॉस्ट्रिडियम परफ्रिंजन्स या अन्नात वाढणाऱ्या जंतूची लक्षणं २ ते ४ तासांत सुरू होतात असं मी लिहिलं होतं. बरोबर आकडा ६ ते २४ तास, बहुधा ८ ते १२. २ ते ४ तास हे स्टॅफिलोकॉकस या दुसऱ्या जंतूच्या विषाचं गणित, दोन ओळी एकमेकींत मिसळल्या. लेखात दुरुस्ती केली आहे. लक्षात आणून दिल्याबद्दल आभार.

आता त्या वाक्याकडे येतो. जिल्ह्यात साथरोग सर्वेक्षणाचं काम मी २१ वर्षं केलं आहे, अक्कलकोटकडच्या कन्नड बोलणाऱ्या गावांपासून शहराच्या पूर्व भागातल्या तेलुगू घरांपर्यंत. मतभेद ऐकायची सवय आहे. पण 'टाइमपास' हा शब्द आपण कुणासाठी वापरलात? मे महिन्यात पारा ४३ च्या वर असताना डोक्यावर पदर घेऊन दारोदार फिरणाऱ्या आशाताईंसाठी. त्यांना पगार नसतो, मोबदला असतो. 'सरकारी पगारावरचा' असं लिहिण्याआधी एवढं तरी विचारून घ्यायचं होतं. आणि सलाईन लावणारे हात वेगळे असतात. प्राथमिक आरोग्य केंद्रात वैद्यकीय अधिकारी आणि नर्स रुग्ण बघत असतात, त्याच वेळी दुसरी माणसं गावात यादी करत असतात. एका कामासाठी दुसरं थांबत नाही. रागाच्या भरात लिहिलं असेल, समजू शकतो. पण ज्यांना उत्तर द्यायची सोय नाही त्यांच्यावर राग काढणं मला पटत नाही.

शेंबडं पोरगं काय सांगतं ते बघू. समजा, दक्षिण सोलापुरातल्या एका गावात महाप्रसाद झाला. हुग्गी (गव्हाची खीर), बटाट्याची भाजी, भात, आमटी, मठ्ठा. रात्री उलट्या-जुलाब सुरू. गावात जो तो म्हणतो, हुग्गीनं घात केला. गोड पदार्थ, शिवाय दूध घातलेलं, संशय तिथेच जातो. आता आपण ६० आजारी माणसांची यादी केली. ६० पैकी ५७ जणांनी हुग्गी खाल्ली होती. भाजी खाल्ली होती ४८ जणांनी. फक्त आजाऱ्यांना विचारलं तर निकाल लागला: हुग्गी.

आता आपण ज्याला टाइमपास म्हणता ते काम करू. त्याच पंगतींना बसलेल्या आणि काहीही न झालेल्या ६० जणांना विचारू. त्यांतल्या ५८ जणांनी हुग्गी खाल्ली होती. भाजी मात्र फक्त १२ जणांनी. आता आडवं गणित मांडा. हुग्गी खाल्लेले ११५, त्यांतले ५७ आजारी, म्हणजे जवळपास ५० टक्के. हुग्गी न खाल्लेले ५, बहुतेक साखरेमुळे गोड बंद असलेले, त्यांतले ३ आजारी, म्हणजे ६० टक्के. भाजी खाल्लेले ६०, त्यांतले ४८ आजारी, ८० टक्के. भाजी न खाल्लेले ६०, त्यांतले १२ आजारी, २० टक्के. भाजी खाणाऱ्याला आजार होण्याचं प्रमाण चौपट. हुग्गी निर्दोष, भाजी संशयित, आणि हे सांगितलं कुणी? ज्यांना काहीच झालं नाही त्यांनी.

मग स्वयंपाकघरात नेमकं काय विचारायचं ते कळतं. बटाटे कधी उकडले? आदल्या रात्री. सोलले कुणी, किती जणींनी, कुणाच्या बोटाला गळू किंवा चिघळलेली जखम होती का? सोललेला ढीग सकाळपर्यंत कुठे ठेवला? स्टॅफिलोकॉकस जखमेतून आणि नाकातून हातावर, हातावरून बटाट्यावर येतो आणि रात्रभरात विष तयार करतो. सकाळी फोडणी देताना जंतू मरतात, विष मरत नाही. हुग्गीच्या पातेल्यामागे लागलो असतो तर हे प्रश्न कुणी विचारलेच नसते, आणि पुढच्या महाप्रसादाला बटाटे पुन्हा आदल्या रात्रीच सोलले गेले असते.

भाजी न खाता आजारी पडलेल्या १२ जणांचं काय, असं आपण विचाराल. रास्त प्रश्न आहे. एकच पळी भाजीतून आमटीत गेलेली असते. आईच्या ताटातला घास मुलानं खाल्लेला असतो आणि मुलापुढे 'भाजी: नाही' अशी नोंद होते. कुणी खाल्लेलं विसरतं. एखाद्याला त्याच दिवशी दुसऱ्याच कारणानं जुलाब होतात. उलट खाऊनही काही न झालेल्या १२ जणांत कुणी एक घास खाल्लेला असतो, कुणी पहिल्या पंगतीचा असतो. तक्ता शंभर टक्के जुळला, तर उलट मी आधी यादी तपासायला घेतो.

ही पद्धत आमच्या कार्यालयात कुणाच्या डोक्यातून निघालेली नाही. एप्रिल १९४० मध्ये अमेरिकेत न्यूयॉर्क राज्यातल्या ओस्वेगो काउंटीत चर्चच्या जेवणानंतर अशीच विषबाधा झाली. ७५ जणांच्या मुलाखती झाल्या. ४६ आजारी होते, २९ ठणठणीत. हॅम खाल्लेल्यांत ६३ टक्के आजारी आणि न खाल्लेल्यांत ५९ टक्के, म्हणजे फरक नाहीच. व्हॅनिला आइस्क्रीम खाल्लेल्या ५४ पैकी ४३ आजारी, न खाल्लेल्या २१ पैकी फक्त ३. सुमारे ८० टक्के विरुद्ध १४. साथरोगशास्त्र शिकणारी मुलं आजही हा तक्ता सोडवतात. त्या २९ जणांना वगळा, मग काय उरतं ते सांगा. ४६ माणसं आणि त्यांनी खाल्लेल्या पदार्थांची एक लांबलचक यादी, बस्स.

आता पाणी. सोलापुरात काही दिवसांआड नळ येतो, कार्यक्रमाला टँकर लागतोच, त्यामुळे अन्न की पाणी हा प्रश्न प्रत्येक वेळी असतो. इथे तर धडधाकट माणसांशिवाय पानही हलत नाही. म्हाताऱ्या सासूसाठी डबा बांधून नेलेला असतो. तिनं अन्न तेच खाल्लं, पाणी घरातलं प्यायली. मंडपात राबणारा एखादा उपासाचा माणूस फक्त टँकरचं पाणी प्यायलेला असतो. डबेवाले आजारी आणि उपासवाले बरे असतील तर अन्न. उलट असेल तर टँकर. क्लोरीन अर्थात लगेच तपासायचं, ओ.टी. टेस्टला (क्लोरीन मोजायची साधी चाचणी) ०.२ पीपीएमपेक्षा, म्हणजे लिटरमागे ०.२ मिलिग्रॅमपेक्षा, कमी आलं तर तो टँकर थांबवायचाच. पण टँकर रिकामा होऊन गेलेला असेल तर कशाची टेस्ट घेणार? मग त्या डबा नेलेल्या आजीच उपयोगी पडतात.

पंगतीही तशाच. पहिली १२ ला, शेवटची ४ ला. पंगतवार आजाऱ्यांचं प्रमाण चढत गेलं तर अन्न पातेल्यात पडून राहिल्यावर बिघडलं. सगळ्या पंगतींत सारखं असेल तर घाण आधीच आत होती. आपल्याकडे वाढपी आणि घरच्या बायका शेवटी जेवतात, म्हणून त्यांना विचारल्याशिवाय यादी बंद करायची नाही असा माझा नियम. मोठं पातेलं बाहेरून गार लागलं तरी मध्यभाग तासन् तास कोमट असतो. परफ्रिंजन्ससारखा जंतू ४३ ते ४५ अंशांना साधारण दहा मिनिटांत दुप्पट होतो. म्हणून वाढेपर्यंत ६० अंशांच्या वर ठेवा, नाहीतर उथळ परातींत पसरून लवकर गार करा, हे आम्ही सांगत असतो.

विचारायचं कसं, याचीही पद्धत आहे. आधी व्याख्या ठरते: महाप्रसाद जेवल्यापासून ७२ तासांत उलटी, किंवा २४ तासांत ३ वा जास्त पातळ जुलाब. एकच सैल शौच झालेला माणूस बऱ्यांत धरायचा की आजाऱ्यांत, हे गावात पाऊल टाकण्याआधी ठरलेलं पाहिजे, नाहीतर दोन्ही रकाने गढूळ होतात. मग प्रत्येक पदार्थाचं नाव वाचून 'होय, नाही, आठवत नाही'. 'हुग्गीनंच झालं ना?' असा प्रश्न केला की मुलाखत वाया गेली. म्हणून तर घाई असते. दुसऱ्या दिवशी पेपरात 'खिरीतून विषबाधा' असं छापून आलं की सगळ्यांनाच खीर आठवायला लागते. बरे असलेले लोक यजमानाच्या भावकीतले निवडू नयेत, ते सांभाळून बोलतात. त्याच पंगतीतले, शेजारच्या गल्लीतले घ्यायचे, एका आजाऱ्यामागे एक किंवा दोन. अक्कलकोटकडे कन्नड येणारं माणूस सोबत हवं, कारण 'जुलाब' आणि 'सैल झालं' यांतला फरक दुभाष्याच्या तोंडी हरवतो.

ही पद्धत तोकडी पडते तेही सांगतो, म्हणजे मी झाकून ठेवलं असं आपण म्हणायला नको. एकादशीला भगरीनं त्रास झाला तर न खाल्लेलं माणूस शोधून सापडत नाही, सगळ्या गावाचा उपास. तेव्हा 'खाल्ली की नाही' याला अर्थ नसतो. मग किती खाल्ली, एक वाटी की दोन? अख्खी भगर की दळून आणलेलं पीठ? सुटी की पाकिटातली, कुठल्या दुकानातली, कधी भरलेली? दोन वाट्या खाल्लेल्यांत त्रास जास्त दिसला, सुट्या पिठावर बोट गेलं, तर पावसाळी ओलीत बुरशी धरलेला माल शोधायला दिशा मिळते. इथेही एक वाटी खाऊन बरी राहिलेली माणसं लागतातच.

आणि शेंबडं पोरगं नेहमी शेवटच्या जेवणाकडे बोट दाखवतं. साल्मोनेला ६ तासांपासून ७२ तासांपर्यंत कधीही उगवतो. टायफॉइड एक ते तीन आठवडे घेतो. हिपॅटायटिस ए १५ ते ५० दिवस. कावीळ झालेल्या माणसाला काल काय खाल्लं विचारून उपयोग काय?

उरलेल्या मुद्द्यांबद्दल. अहवालाला वेळ लागतो, कारण जंतू वाढवायला वेळ लागतो. त्यातही अँटिबायोटिकचा पहिला डोस देण्याआधी रेक्टल स्वॅब (गुदद्वारातून बोळ्यावर घेतलेला नमुना) कॅरी-ब्लेअरमध्ये, म्हणजे जंतू जिवंत ठेवणाऱ्या माध्यमात, घेतला नसेल, उरलेली भाजी यजमानानं लाजेनं उकिरड्यावर टाकली असेल, तर प्रयोगशाळा 'जंतू आढळले नाहीत' एवढंच लिहिणार. तक्ता मात्र दुसऱ्या दिवशी संध्याकाळी तयार असतो. आचाऱ्यावरची कारवाई अन्न व औषध प्रशासनाच्या अखत्यारीत येते, त्यावर मी काय बोलणार? गावाला कळवण्याबद्दल कधीतरी वेगळं लिहीन.

जाता जाता एकच विचारतो. आपल्या गल्लीत असं काही झालं, आपल्याला काहीच झालं नाही आणि आशाताई वही घेऊन दारात आल्या, तर आपण दार लावून घेणार का? नसाल लावणार, अशी आशा आहे. त्या दिवशी भाजी खाल्ली होती की नाही, एवढं नीट आठवून सांगा. आणि 'टाइमपास' हा शब्द मागे घेतलात तर प्रतिक्रियेतलं बाकीचं मी शांतपणे वाचीन.