एक गोळी सुटत नाही म्हणे!

सकाळी घरच्या ग्रुपवर ‘डाइव्ह बॉम्बर’ बघा म्हणून लिहिलं. संध्याकाळी पुतण्याचं उत्तर : “काका, यात एक गोळी सुटत नाही. नुसते डॉक्टर. बंद केला.”

तेव्हापासून डोकं तापलंय. अरे, ऑगस्ट १९४१ चा सिनेमा आहे हा! पर्ल हार्बरवरचा जपानी हल्ला व्हायचा होता, अमेरिका युद्धात उतरली नव्हती. गोळी झाडणार कुणावर? यातला शत्रू वैमानिकाच्या अंगातच आहे. सूर मारलेलं विमान तो झटक्यात वर खेचतो आणि डोक्यातलं रक्त पायांकडे उतरतं. ५ जी, म्हणजे गुरुत्वाकर्षणाच्या पाचपट जोर : ७० किलोचा गडी ३५० किलोचा. आधी डोळे जातात, मग शुद्ध.

हे मला मामाने शिकवलं. मामा हवाई दलात मेडिकल असिस्टंट. सुट्टीवर आला होता तेव्हा मी नळाखालची बादली उचलून ताडकन उभा राहिलो आणि डोळ्यांपुढे अंधारी आली. त्याने मला ओल्या फरशीवरच आडवं केलं, माझे पाय स्वतःच्या मांडीवर घेतले, घड्याळ बघत नाडी मोजली आणि खिशातल्या डायरीत लिहून ठेवली. म्हणाला, “रक्त खाली उतरलं बघ. आमच्या पोरांना वर असंच होतं. तिथं आडवं पडायला फरशी नसते रे.”

या एका वाक्यावर मायकल कर्टिझने दोन तासांचा सिनेमा उभा केलाय! एरल फ्लिन हा नौदलाचा डॉक्टर. त्याच्या टेबलावर एक वैमानिक दगावतो, त्या वैमानिकाचा दोस्त फ्रेड मॅकमरे डॉक्टरला माफ करत नाही. मग डॉक्टर स्वतः विमान शिकतो, हवेने फुगणारा पट्टा स्वतःच्या पोटाला बांधून सूर मारतो. दुसऱ्याच्या जिवावर प्रयोग नाही!

बरं, प्रेमप्रकरण ओढूनताणून आणलंय आणि नौदलाची जाहिरातही आहे. मान्य. पण ती पिवळ्या पंखांची विमानं सॅन दिएगोच्या तळावर खरोखर उडालीत.

आणि शेवट... फार उंचावर उडताना घालायच्या पोशाखाची चाचणी घ्यायला मॅकमरेच जातो, परत येत नाही. अवशेषांत त्याने टिपलेल्या नोंदी सापडतात. तिथे मला दर वेळी मामाची डायरी दिसते. नाडी, तारीख, वेळ. मामा गेल्यावर मामीने ती मला दिली.

पुतण्या, रविवारी घरी ये. डायरी काढून ठेवतो. आधी ती बघ, मग सिनेमा लावू.