आकडे आपोआप बोलत नाहीत

हवामानबदलावरील वादात एक मजकूर सतत पुढे पाठवला जातो : ‘आकडे स्वतःच बोलतात. ज्याला पटत नाही, त्याला कधीच पटणार नाही. अशांशी सौम्यपणे बोलणे म्हणजे विज्ञानात पाणी घालणे.’ मानवी प्रभावामुळे हवा, समुद्र आणि जमीन तापली हे निःसंदिग्ध आहे, असे संयुक्त राष्ट्रांच्या हवामानबदलविषयक आंतरसरकारी समितीने (आयपीसीसी) २०२१ मध्ये नोंदवले आणि त्याबद्दल माझ्या मनात शंका नाही. म्हणूनच ही तिन्ही विधाने खोडून काढणे मला आवश्यक वाटते.

आकडे स्वतः बोलत नाहीत. ‘दीड अंश तापमानवाढ’ ऐकणारा माणूस तो आकडा पहाटेच्या आणि दुपारच्या तापमानातील फरकाशी ताडून पाहतो, आणि एवढ्याने काय बिघडते असे त्याला वाटणे स्वाभाविक आहे. हा आकडा साऱ्या पृथ्वीच्या दीर्घकालीन सरासरीचा आहे, आणि सुमारे २० हजार वर्षांपूर्वी, उत्तर अमेरिका व उत्तर युरोपचा मोठा भाग बर्फाखाली होता तेव्हा, ती सरासरी औद्योगिकपूर्व काळापेक्षा पाच ते सात अंशांनीच कमी होती, हे शेजारी ठेवले की त्याच दीड अंशाचे वजन कळते. असे शेजारी ठेवणे हेच मांडणीचे काम आहे.

दुसरे विधान थोडक्यात निकालात निघते. चूक दाखवली की माणूस उलट हट्टाला पेटतो, हा समज २०१० मधील एका शोधनिबंधामुळे रूढ झाला. वूड आणि पोर्टर या संशोधकांनी २०१९ मध्ये प्रसिद्ध केलेल्या अभ्यासात तो ५२ मुद्द्यांवर तपासला, तेव्हा तसा परिणाम आढळला नाही.

तिसरे विधान सर्वांत घातक, कारण ते उर्मटपणाला निष्ठेचे रूप देते. कोणी लिहितो, ‘या हिवाळ्यात एवढी थंडी पडली, मग तापमानवाढ कुठे आहे?’ त्यावर ‘शाळेत गेला होतात का?’ असे उत्तर येते, आणि ते विचारणाऱ्याबरोबरच न बोलता वाचणारे कितीतरी जण वाचतात. अमेरिकेतील एका प्रयोगात नॅनोतंत्रज्ञानावरील एकच लेख सर्वांना दिला होता. त्याखाली शिवराळ प्रतिक्रिया असल्या की त्या तंत्रज्ञानाच्या धोक्याविषयीची वाचकांची मते अधिक दुभंगली. याउलट असेही लिहिता येते : ‘थंडी खरीच पडली. पण एका ठिकाणचा एक हिवाळा म्हणजे हवा, आणि साधारण ३० वर्षांची सरासरी म्हणजे हवामान. १८५०–१९०० च्या तुलनेत २०११–२०२० हे दशक जगभरात सरासरी १.१ अंशांनी उष्ण होते.’ हे उत्तर सौम्य आहे, आणि त्यात विज्ञानाचा एक दशांशही सोडलेला नाही.