आवाज मागून येतो म्हणजे हाउसिंगच गेलं, असं नाही: ‘घाटवाला’ यांच्या प्रतिक्रियेला उत्तर

घाटवाला, नमस्कार.

तुमची प्रतिक्रिया रागानं लिहिलेली आहे आणि तो राग मला समजतो. पैसे गेले, गाडी उभी राहिली आणि आवाज तसाच राहिला, तर कुणीही चिडेल. बाकीच्या वाचकांसाठी तुमचं म्हणणं थोडक्यात सांगतो. तुमची जुनी डिझेल जीप वाई–पाचगणी रस्त्यावर वडापला (प्रवासी वाहतुकीला) असते. पन्नासच्या पुढे गेलं की मागून ‘घूंऽऽ’ असा आवाज यायचा. मिस्त्रींनी हाउसिंग (मागच्या एक्सलच्या मधला गिअरांचा डबा) खोलून क्राउन-पिनियनचा, म्हणजे त्यातल्या मोठ्या आणि लहान दातेरी चाकाच्या जोडीचा, नवा सेट टाकला. आवाज थोडा बदलला, पण गेला नाही. उलट आता ॲक्सिलरेटर सोडला की एक वेगळाच बारीक सूर येतो. मधल्या काळात तुमच्या मुलानं माझा गाडीच्या आवाजांवरचा लेख वाचून मिस्त्रींशी वाद घातला आणि ते दुखावले. त्यावर तुम्ही लिहिलंत की असले लेख रिकाम्या वेळेचे, धंद्याच्या गाडीला ते परवडत नाहीत. जाणत्या मिस्त्रीचा कान पुरे, आणि शंका असेल तर जॉइंट क्रॉस (गिअरबॉक्सकडून हाउसिंगकडे जाणाऱ्या शाफ्टच्या टोकांचे सांधे), बेअरिंग, तेल सगळं एकदम बदलून मोकळं व्हावं. चाकं उचलून इंजिनावर फिरवणं जीवघेणं आहे, हेही तुम्ही बजावलंत.

शेवटच्या मुद्द्यापासून सुरू करतो, कारण तिथं आपलं एकमत आहे. मी लेखात चाक हातानं फिरवायला सांगितलं आहे, इंजिनावर नाही. मागचं एक चाक वर आणि एक जमिनीवर असताना गिअर टाकला, तर डिफरन्शियलमुळे (दोन्ही चाकांना वेगवेगळ्या वेगानं फिरू देणाऱ्या हाउसिंगमधल्या रचनेमुळे) वरचंच चाक दुप्पट वेगानं फिरतं. जॅक जरा सरकून ते चाक जमिनीला टेकलं की गाडी उडी मारून सुटते. घरी कुणीही हे करू नये. पुढच्या चाकांना दगड, एक्सलखाली भक्कम स्टँड, गाडी न्यूट्रलला, आणि चाक हातानं सावकाश फिरवताना दुसरा तळवा एक्सलच्या नळीवर, ड्रमच्या मागे. खराब बेअरिंगची खरखर कानाला कळण्याआधी तळव्याला कळते.

आता मिस्त्रींच्या कानाबद्दल. तो कान मी कमी लेखत नाही. पण चांगला मिस्त्री नुसता ऐकत नाही. तो ऐकताना ॲक्सिलरेटर दाबतो, सोडतो, क्लच मारतो, गिअर बदलतो, रस्त्याच्या मधोमध थोडं डावं-उजवं करतो. तीस वर्षांच्या सवयीनं हे इतकं भराभर होतं की शेजारी बसलेल्याला वाटतं, त्यानं फक्त ऐकलं आणि सांगितलं. लेखात मी त्याच कृती एकेक करून मांडल्या होत्या. अडचण एवढीच की गॅरेजच्या गल्लीत गाडी तिसाच्या पुढे जात नाही आणि तुमचा आवाज पन्नासच्या पुढचा. तो रोज ऐकता तुम्ही. म्हणून लक्षण टिपायचं काम चालवणाऱ्याचं आहे, आणि तेवढ्यासाठी रिकामा वेळ लागत नाही. गाडी तर रोज चालतेच.

आता तुमच्या जीपकडे येतो. तुमच्या प्रतिक्रियेत जाता जाता एक वाक्य आहे: मागचे टायर दिवाळीत रिमोल्ड केले, म्हणजे जुन्या टायरवर नवी नक्षी चढवली. त्या वाक्यावर मी बराच वेळ थांबलो.

थोडं गणित करू. २१५/७५ आर १५ मापाच्या टायरचा घेर साधारण २.२ मीटर असतो. ताशी ६० किलोमीटरला गाडी सेकंदाला १६.७ मीटर जाते, म्हणजे चाक सेकंदाला साडेसात वेळा फिरतं. उदाहरणादाखल क्राउनला ४१ आणि पिनियनला १० दात धरले, तर मागचा शाफ्ट सेकंदाला सुमारे ३१ फेरे घेतो आणि दात एकमेकांवर सेकंदाला ३०० च्या वर वेळा येतात. टायरच्या घेरात नक्षीचे पन्नासेक ठोकळे धरले, तर ते रस्त्यावर सेकंदाला पावणेचारशेच्या आसपास आपटतात. हे दोन्ही सूर कानाला जवळजवळ सारखे लागतात. दोन्ही वेगाबरोबर चढतात आणि वेगाबरोबर उतरतात. दोन्ही मागून येतात. जीपच्या मागची पत्र्याची मोकळी पेटी दोन्ही सारखेच घुमवते. त्यामुळे ‘मागून घूं येतंय’ एवढ्यावर हाउसिंग खोलणं म्हणजे दोन संशयितांपैकी महागडा आधी पकडणं. आणि हे होतं ते मिस्त्रीच्या कमी समजेमुळे नाही. दोन्ही सूर इतके जवळचे आहेत की नुसत्या कानानं ते वेगळे काढताच येत नाहीत.

ते वेगळे काढायचे भार बदलून. टायरला आणि चाकाच्या बेअरिंगला इंजिन ओढतंय की नाही याच्याशी फारसं देणंघेणं नसतं. गाडी ज्या वेगानं चालली आहे त्या वेगाचा आवाज ते करत राहतात. क्राउन-पिनियनचं तसं नाही. तुम्ही ॲक्सिलरेटर दाबता तेव्हा दाताची एक बाजू दाबली जाते, सोडता तेव्हा चाकंच इंजिनाला फिरवू लागतात आणि दाताची पाठीकडची बाजू दाबली जाते. म्हणून हाउसिंगचा सूर पाय दाबल्या-सोडल्याबरोबर बदलतो, दबतो, कधी एकाच बाजूला उमटतो. तुमच्या मूळच्या ‘घूं’बद्दल तुम्ही लिहिलंय की पाय सोडला तरी तो तसाच राहायचा आणि गाडी हळू झाली की विरायचा. हाउसिंगचा आवाज सहसा असा वागत नाही.

सुरूर फाट्याकडून वाईकडे येताना सपाट, मोकळा टप्पा मिळाला की सकाळी रिकाम्या गाडीत एवढं करा. साठला चौथ्या गिअरमध्ये ऐका, मग त्याच वेगाला पाचव्यात. इंजिन आता हळू फिरतंय. सूर तोच राहिला तर भानगड गिअरबॉक्सच्या मागे आहे, आणि खाली आला तर पुढे. मग सपाटीवरच क्षणभर क्लच दाबा. आवाज तसाच असेल, तर इंजिन आणि क्लच सुटले. हे घाटात उतरताना मात्र कधीही करू नका. तिथं गाडी गिअरमध्येच हवी. पुढं, मागेपुढे कुणी नाही असं पाहून स्टिअरिंग जरासं डावीकडे, मग उजवीकडे. डावीकडे वळताना वजन उजव्या चाकांवर जातं. तेव्हा घरघर वाढली तर उजवीकडचं बेअरिंग आधी तपासा. आणि डांबरावरून सिमेंटच्या रस्त्यावर जाताना सूर लक्षणीय बदलला, तर तो टायरचा आहे. हाउसिंगला खालचा रस्ता कळत नाही.

सगळ्यात स्वस्त खात्री मात्र चाकं अदलाबदल करून होते. मागची रिमोल्ड पुढे, पुढची मागे, तीच हवा. आवाज पुढे सरकला किंवा त्याचा बाज बदलला, तर एवढे दिवस जे ऐकलं ते टायर होते. पंक्चरवाल्याकडे अर्ध्या तासाचं काम आहे. हाउसिंगला हात लावण्याआधी हे व्हायला हवं होतं, असं माझं स्पष्ट मत आहे.

दुसरा आवाज, म्हणजे पाय सोडल्यावरचा बारीक सूर, हा सेट बदलल्यानंतर आला. त्यामुळे तो मी पहिल्यापासून पूर्ण वेगळा धरतो. इथं जरा सविस्तर लिहितो, कारण ‘सगळं एकदम बदला’ या सल्ल्याला माझा विरोध का आहे ते इथेच दिसतं.

क्राउन आणि पिनियन कारखान्यात जोडीनं घासून एकमेकांना जुळवलेले असतात. पण जोडी चांगली असून भागत नाही, ती बसवणं हेच खरं काम. पिनियन किती आत-बाहेर बसतं ते शिमच्या (मध्ये घालायच्या पातळ चकतीच्या) जाडीवर ठरतं. पिनियनच्या बेअरिंगवर ठरावीक ताण हवा. कमी पडला तर भार उलटताच पिनियन हलतं, जास्त झाला तर बेअरिंग तापतं. मग क्राउन उजवी-डावीकडे सरकवून दातांमधली मोकळीक धरायची. अशा हाउसिंगमध्ये ती साधारण मिलिमीटरच्या एक-दोन दशांशांची गोष्ट असते. नेमका आकडा त्या गाडीच्या मॅन्युअलमधला घ्यायचा आणि डायल गेजनं मोजायचा. हातानं हलवून ‘बरोबर आहे’ म्हणण्याइतकी ती मोठी नसते. शेवटी दातांना मार्किंग पेस्ट लावून फिरवायचं आणि दात कुठं टेकतात त्याचा ठसा बघायचा. तो दाताच्या मध्यावर हवा, टोकाला किंवा बुडाशी गेलेला नको. हा ठसा दोन्ही बाजूंचा बघावा लागतो. घाईत फक्त ओढायच्या बाजूचा बघितला जातो. पाठीकडची बाजू चुकली तर गाडी ओढताना गप्प असते आणि पाय सोडला की गाते. तुमचं लक्षण नेमकं हेच आहे. ठसा बरोबर निघाला, तर पिनियनच्या नटचा ताण सैल पडलाय का ते बघावं लागेल.

‘चालवून चालवून बसेल’ असं कुणी सांगितलं तर मान्य करू नका. नवा सेट पहिले काहीशे किलोमीटर सांभाळून, जड भार न घालता चालवावा हे खरं. पण चुकीच्या जागी बसलेला ठसा चालवून सुधारत नाही, दात तिथंच झिजतात. दाट तेल घालून आवाज दाबण्याचा सल्लाही नको. हाउसिंगमध्ये दात एकमेकांवर नुसते फिरत नाहीत, घसरतातही, म्हणून तिथं जीएल-५ दर्जाचंच (जास्त दाब सोसणारं) तेल लागतं. तेच तेल गिअरबॉक्समध्ये ओतू नका. तिथल्या पितळी रिंगांना ते मानवेलच असं नाही. तेल बदलाल तेव्हा जुनं तेल बोटांत चोळून बघा. राखाडी चिकट लेप चालतो. चकत्या किंवा टोचणारे तुकडे लागले तर गाडी थांबवा.

जॉइंट क्रॉसचंही तसंच. तो स्वस्त आहे म्हणून सरसकट बदलायचा, हे ऐकायला ठीक वाटतं. गेलेल्या क्रॉसची खूण वेगळी असते: पहिल्या गिअरला क्लच सोडताना ‘टक्’, किंवा हळू चालताना चाकापेक्षा भराभर येणारी ‘चिर्र चिर्र’. टोपीच्या कडेला तांबूस भुकटी दिसली तर आत ग्रीस राहिलेलं नाही. तुमच्याकडे यातलं काही नाही. आणि शाफ्ट काढून परत बसवताना दोन्ही टोकांचे यॉक (क्रॉस धरणारे चिमट्यासारखे भाग) एका रेषेत आले नाहीत, तर तिथं नवीन थरथर सुरू होते. एक क्रॉस वाकून फिरताना प्रत्येक फेऱ्यात दोनदा शाफ्टचा वेग कमी-जास्त करतो आणि दुसऱ्या टोकाचा क्रॉस ते भरून काढतो. पण यॉक एका रेषेत असले तरच. सरकत्या जोडात शाफ्ट एक-दोन दाते फिरून बसला की तो हिशेब मोडतो. म्हणून काढण्याआधी दोन्ही भागांवर खडूची किंवा पंचची एक खूण. तुमचा शाफ्ट हाउसिंगच्या कामात सुटलाच असणार, तेव्हा ती रेषा एकदा खाली वाकून बघून घ्या.

सगळं एकदम बदललं की आणखी एक नुकसान होतं, आणि मला ते खर्चापेक्षा मोठं वाटतं. आवाज गेला तरी कशानं गेला ते कळत नाही, राहिला तर कुठं शोधायचं तेही कळत नाही. तुमच्याकडे आज जुना आवाज आणि नवा आवाज एकत्र झाले आहेत, आणि म्हणूनच मिस्त्रींनाही पुढचं पाऊल सुचत नाहीये.

मुलाच्या वादाबद्दल. त्याला सांगा, मिस्त्रींना निदान सांगायचं नाही, लक्षण सांगायचं. ‘बेअरिंग गेलंय, तुम्ही उगाच हाउसिंग खोललं’ असं म्हटल्यावर कुठलाही कारागीर पाठ फिरवणार. ‘काका, सपाटीला साठला चौथ्यात आणि पाचव्यात सूर सारखाच आहे, पाय सोडला तरी जात नाही, उजवीकडे वळवलं की वाढतो’ असं सांगितलं, तर तेच मिस्त्री स्वतःहून म्हणतील, चल, एक चक्कर मारू. त्या चकरेत गाडी मुलाला चालवू द्या आणि मिस्त्रींना मागच्या बाकावर बसवा. त्यांचा कान तिथं कामाला येईल. दुखावलेल्या माणसाकडे परत जायला अवघड वाटत असेल, तरी जा. बसवलेला सेट त्यांनीच पुन्हा तपासणं तुमच्याही सोयीचं आहे आणि त्यांनाही ते लागलेलं असणार.

आता एक गोष्ट मात्र टायर बदलून बघेपर्यंतही थांबू नये अशी आहे. आवाज मागच्या बेअरिंगचा निघाला, तर घूं हा प्रश्न दुय्यम आहे. बेअरिंग ढिलं झालं की एक्सल हलतो, त्याच्या शेजारचं ऑइल सील कापलं जातं आणि हाउसिंगचं तेल ड्रमच्या आत ब्रेक लायनरवर येतं. सपाटीवर हे लवकर लक्षात येत नाही. भरलेली जीप पसरणी घाट उतरताना ते लक्षात येणं फार वाईट. त्यामुळे उद्या पहिली फेरी मारण्याआधी मागच्या दोन्ही ड्रमच्या मागची पाटी आणि चाकाची आतली बाजू बघा. तेलाचा ओघळ किंवा धूळ धरलेला ओला डाग दिसला, तर ड्रम खोलल्याशिवाय प्रवासी भरू नका. चाक उचलून वरून-खालून धरून हलवा, खुळखुळ लागली तरी तेच. थोडं चालवल्यावर, ब्रेक फारसा न मारता थांबून, दोन्ही हबवर पाण्याचे थेंब टाका. एकीकडे चटकन उडाले आणि दुसरीकडे तसेच राहिले, तर तापलेली बाजू आधी खोला.

ड्रम कोरडे निघाले तर चाकांची अदलाबदल करा, आणि मग मला तीन गोष्टी कळवा: घूं पुढे सरकला का, पाय सोडल्यावरचा सूर कोणत्या वेगापासून कोणत्या वेगापर्यंत येतो, आणि मिस्त्रींनी पाठीकडच्या बाजूचा ठसा बघितला होता का. त्यावर पुढचं बोलू. मिस्त्रींना इथंच लिहायचं असेल तर त्यांचंही मनापासून स्वागत आहे.