किती फूट?

सांगलीत जुलै-ऑगस्टात कुणी "किती फूट झालं?" असं विचारलं, तर ते आयर्विन पुलाखालच्या कृष्णेच्या पाण्याबद्दल असतं. बाकीच्या दहा महिन्यांत "किती फूट आहे?" आलं, की ते तुमच्या फ्लॅटबद्दल. दोन्हीकडे धोक्याची पातळी ठरलेली आहे. नदीची 45 फूट. फ्लॅटची, तुमच्या साडूचा असेल तेवढी. नदी वर गेली की धोका, फ्लॅट खाली आला की.

तेव्हा घर घेताना घरात माणसं किती, असले बारीकसारीक हिशेब करू नका. माणसं मोजून घर बांधलं की काय होतं ते सरकारनं दाखवलंच आहे. ग्रामीण घरकुल म्हणजे किमान 25 चौरस मीटर, स्वयंपाकाची जागा धरून. म्हणजे साधारण 270 चौरस फूट, पाव गुंठाच की हो! आता तुम्हीच सांगा, यात कॉर्नर सोफा कुठं ठेवायचा?

सोफ्यावरून आठवलं. गावभागातल्या आमच्या जुन्या घराला सोपा होता, म्हणजे पुढची बैठकीची खोली. सकाळी तिथं आजोबांचा चहा आणि आल्यागेल्याशी गप्पा. दुपारी तिथंच आज्जी सुपात ज्वारी निवडायची, संध्याकाळी आम्ही पोरं पाढे म्हणायचो आणि रात्री वळकट्या सोडल्या की बारा माणसं आडवी. सामानाला भिंतीत एक फडताळ, दोन कोनाडे आणि सात खुंट्या. सातवी खुंटी पाहुण्याची, तिला घरातलं काही अडकवलं की आज्जी ओरडायची. पाहुण्यासाठी आमच्याकडं एवढीच स्वतंत्र सोय होती.

एकाच खोलीनं दिवसभरात चार कामं करायची, हा शुद्ध मागासलेपणा. तुम्ही चार खोल्या घ्या, चौघींना इंग्रजी नावं द्या आणि प्रत्येकीला दिवसातले वीस तास विश्रांती द्या. सोपा गेला आणि सोफा आला, 'प'ला नुसतं शेपूट फुटलं. सोप्यात बाराजण झोपत. सोफ्यावर तिघं बसतात, तेही कव्हरवर टॉवेल आणि टॉवेलवर जपून.

बिल्डरकडं गेलात की कार्पेट एरिया विचारू नका, मन खट्टू होतं. 2016 च्या रेरा कायद्यानं त्याची व्याख्या करून ठेवली आहे: बाहेरच्या भिंती आणि बाल्कनी धरायची नाही, पण आतल्या खोल्याखोल्यांमधल्या भिंती धरायच्या. म्हणजे जितक्या जास्त भिंती घालाल तितकी सतरंजी पसरायला जागा कमी, फूट मात्र तेवढेच. त्यापेक्षा सुपर बिल्टअप आकडा पाठ करा आणि साडूला तोच सांगा. त्यात जिना येतो, लिफ्ट येते. ज्या जिन्यावर शेजाऱ्याच्या चपला असतात, त्याचेही पैसे आपण भरलेत, ही भावना मोठी सुखाची असते.

एक मोह मात्र टाळा. 2019 च्या ऑगस्टात पाणी 57 फुटांच्या वर गेलं, तेव्हा आम्ही विश्रामबागेत चुलतभावाच्या घरी होतो. दोन खोल्या, एक संडास, माणसं सतरा. पहाटे पाचपासून बादल्यांची रांग, दुपारी पिठलं-भात, रात्री कुणाचा पाय कुणाच्या उशीला. आठ दिवसांत भांडण झालं एकदाच, तेही पत्त्यांत बदामसातवरून. अशा आठवणी लवकर विसरा. त्या डोक्यात असल्या की बँकेच्या कागदांवर वीस वर्षांच्या हप्त्यांची सही करताना हात अडखळतो. माझा अडखळला होता. हिनं कोपरानं ढोसलं, मग झाली.

मुलाला स्वतंत्र खोली हवीच, विशेषतः मुलगा पुण्यात नोकरीला असेल तर. आमचा चिरंजीव तिकडं तिघांत मिळून दोन खोल्यांत राहतो. त्याच्या इथल्या खोलीत सध्या टीव्हीचा खोका आहे, फ्रिजचा आहे, मिक्सरचा आहे (वॉरंटी संपेपर्यंत टाकायचे नसतात, वॉरंटी संपल्यावर लक्षात राहत नाही), वाळत घातलेल्या साड्यांसकट व्यायामाची सायकल आहे आणि पुरात भिजलेली, टाकायला जीव होत नाही अशी कापसाची गादी आहे. आम्ही दोघं दिवसभर स्वयंपाकघरातल्या दोन खुर्च्यांवर असतो.

दिवाळीला तो आला. खोलीचं दार निम्मं उघडलं आणि खोक्याला अडलं. त्यानं फटीतून आत बघितलं, बॅग खाली ठेवली आणि म्हणाला, "राहू द्या, मी सोफ्यावर झोपतो."

आतून हिचा आवाज आला, "आधी कव्हर काढून ठेव रे!"