मे महिन्यातच शिवनेरी का, शेत का? : एका प्रतिक्रियेला उत्तर

नमस्कार दादा,

सुट्टीत मुलांना घेऊन जुन्नर परिसरात काय बघावं, यावरच्या माझ्या लेखात मी मे महिन्यात शिवनेरी गड आणि शेतकऱ्याच्या घरचा मुक्काम सुचवला होता. त्यावर तुम्ही सविस्तर लिहिलंत. उत्तर चार ओळींत मावलं नाही, म्हणून इथे वेगळं देते आहे. बाकीच्यांसाठी तुमचं म्हणणं थोडक्यात सांगते. एक, भर उन्हाळ्यात लेकराबाळांना गडावर न्यायला सांगणं हा बेजबाबदारपणा आहे. दोन, कृषी पर्यटन म्हणजे शेतीचं प्रदर्शन, त्यात शेतकरी शहरी पाहुण्यांपुढे वाढपी होऊन उभा राहतो. तीन, शेत दाखवायचंच तर मुलांना आपापल्या गावी न्या, त्यासाठी पैसे मोजायची गरज काय? तुम्ही स्वतः शेतकऱ्याच्या घरातले आहात, असंही लिहिलं आहेत, त्यामुळे दुसरा मुद्दा तुम्हाला आतून लागलेला दिसतो. तरीही माझं मत कायम आहे. का, ते सांगते.

आधी उन्हाचं. दुपारी बारा वाजता शिवनेरीच्या पायऱ्या चढा असं मी कुठेच म्हटलेलं नाही, आणि कुणी म्हणत असेल तर मी त्याला अडवेन. मेमध्ये सहाच्या सुमारास उजाडतं. त्या वेळी पायथ्याशी असलं की सात दरवाजे पार करून, वर फिरून, साडेनऊ-दहापर्यंत मुलं खाली आलेली असतात. गाडी पहिल्या दरवाजाच्या जवळपास जाते, पायऱ्या बांधलेल्या आहेत. पाच वर्षांखालचं मूल असेल तर शिवाई देवीच्या देवळापर्यंत जावं आणि तिथूनच माघारी फिरावं, त्यात कमीपणा नाही. खरं तर मला गडावर उन्हापेक्षा मधमाश्यांची जास्त भीती वाटते. कड्यांना पोळी असतात. धूर, फटाके, उग्र अत्तर आणि मुलांनी भिरकावलेला दगड यांतलं काहीही चालणार नाही, हे निघतानाच बजावून सांगावं.

पण सकाळी लवकर गेल्यास चालतं, एवढ्यावर मला थांबायचं नाही. शिवनेरी मेमध्येच बघावा, असं माझं म्हणणं आहे. पावसाळ्यात गड सुंदर दिसतो हे कबूल. पायऱ्या निसरड्या असतात, धुक्यात दहा पावलांपुढचं दिसत नाही, सुट्टीच्या दिवशी गर्दी असते, ते सगळं सोडून देऊ. मुख्य गोष्ट अशी की पावसाळ्यात सगळीकडेच पाणी असतं, त्यामुळे गडावरचं पाणी मुलांच्या नजरेत भरत नाही. मेमध्ये बदामी तलावाकडे बघा. वरून उघडा, पाणी तळाला गेलेलं, कडेला चिखलाच्या भेगा. मग त्याच मुलांना गंगा-जमुना टाक्यांपाशी न्या. कातळाच्या पोटात कोरलेल्या त्या टाक्यांत वाकून पाहिलं की आत काळोखी, गार, स्थिर पाणी दिसतं आणि गालाला गारवा लागतो. आठ-नऊ वर्षांचं कुठलंही मूल आपणहून विचारतं की तिथलं पाणी आटलं, मग इथलं का नाही? बस, धडा सुरू झाला. उघड्या तळ्यावर दिवसभर ऊन पडतं, वारा लागतो, पाण्याची वाफ होते. टाक्याला वर दगडाचं छप्पर आहे, ऊन आत पोहोचत नाही, आणि कातळातल्या भेगांतून झिरपा येत राहतो. सातवाहनांच्या काळापासून या डोंगरांत टाकी खोदणारे हात हे जाणत होते.

रामचंद्रपंत अमात्यांच्या आज्ञापत्रात, म्हणजे 1715 च्या सुमारास, गडाच्या पाण्याविषयी स्पष्ट सूचना आहे. किल्ला बांधायचा तर आधी पाणी बघावं, आणि तिथे पाणी नसेल पण गड बांधणं भागच असेल, तर खडक फोडून अशी तळी-टाकी करावीत की पुढचा पाऊस येईपर्यंत सगळ्या गडाला पाणी पुरेल. पुढचा पाऊस येईपर्यंत! म्हणजे गडाची परीक्षा मे महिन्यातच. त्या परीक्षेच्या दिवसांत मुलांना तिथे न्यायचं नाही, तर मग कधी न्यायचं?

आणखी एक गोष्ट मला अंबरखान्यासमोर, म्हणजे गडावरच्या धान्याच्या कोठारासमोर, उभं राहून मुलांना सांगावीशी वाटते. शिवाजी महाराजांचा जन्म या गडावर 19 फेब्रुवारी 1630 रोजी झाला, हे प्रत्येक मुलाला पाठ असतं. त्याच वर्षी पाऊस फिरला आणि 1630 ते 1632 या काळात दख्खनेत भीषण दुष्काळ पडला, गावंच्या गावं उठली, हे मात्र मुलांना फारसं कुणी सांगत नाही. राजाचं बाळपण कसल्या दिवसांत गेलं, धान्याचं कोठार आणि पाण्याचं टाकं यांना तेव्हा काय मोल होतं, हे उन्हानं तापलेल्या त्या दगडांत सांगितलं की मुलं गप्प होऊन ऐकतात. 2025 च्या जुलैमध्ये शिवनेरीसह 12 किल्ले युनेस्कोच्या जागतिक वारसा यादीत गेले, त्याचा मला मनापासून आनंद झाला. आता पाटीसमोर फोटो काढणारे वाढतील. टाक्यात वाकून बघणारेही वाढावेत, एवढीच माझी इच्छा आहे.

आता शेताकडे येते, कारण तुमचा खरा राग तिथे आहे.

रेन डान्स, पोहण्याचा तलाव, फेटा बांधून बैलगाडीत एक चक्कर आणि बुफे, याला मी कृषी पर्यटन म्हणत नाही. अशा जागांवर तुम्ही जे लिहिलंत ते सगळं लागू आहे आणि त्यांची शिफारस मी कधी केली नाही. बारामतीजवळ पांडुरंग तावरे यांनी 2005 च्या सुमारास ही वाट पाडली, 2020 मध्ये राज्याचं कृषी पर्यटन धोरण आलं, पर्यटन विभागाकडे नोंदणीही होते. पण नोंदणीचा कागद बघून घर निवडू नका. फोन करून एकच प्रश्न विचारा : "सध्या रानात काय काम चाललंय?" जिथे या प्रश्नाचं उत्तर पटकन येतं, तिथे जा.

मेमध्ये काय चाललेलं असतं, हे मी तुम्हाला काय सांगावं! रब्बी निघालेली, खरीप अजून लांब, रानं मोकळी. शहरातल्या माणसाला वाटतं आता शेतात बघण्यासारखं काहीच नाही. उन्हाळी नांगरट चालू असते. खालची माती वर येते, ढेकळं तापतात, जमिनीत दडलेले किडींचे कोष उघडे पडतात आणि ट्रॅक्टरच्या मागे बगळे धावत येऊन ते टिपतात. हे मुलांनी बांधावरून बघावं. मग कांदाचाळ, म्हणजे कांदा साठवायची हवेशीर चाळ. ओतूर, आळेफाट्याकडे रब्बीचा कांदा काढून चाळीत भरलेला असतो. चाळ जमिनीपासून उंच का, खाली फटी का, कांद्याचा थर फार रुंद का ठेवत नाहीत, हे हात लावून कळतं. वास घेऊन सडका कांदा शोधायला दिला की मुलं तासभर हलत नाहीत. आणि मग घरमालक सहज बोलून जातो, की भाव वाढेल म्हणून ठेवलाय, पण रोज वजन घटतंय, थोडा सडतोय, आणि शेवटी दर व्यापारी सांगेल तोच. शेतकऱ्याची सगळी कोंडी दहा वर्षांच्या पोराला त्या चाळीत समजते.

आंब्याचंही तसंच. झेल्यानं, म्हणजे जाळी लावलेल्या लांब काठीनं, देठासकट फळ उतरवायचं, देठ मोडून फळ उलटं ठेवून चीक निथळू द्यायचा, पिकण्यासाठी पेंढ्यात आढी घालायची. आंबा पेटीत तयार होत नाही, हे कळण्यासाठी एक सकाळ पुरते.

वाढप्याबद्दल. जुन्नरजवळच्या एका घरी मी त्या घरच्या वहिनींना सरळ विचारलं होतं, की अनोळखी लोकांना जेवू घालताना वाईट नाही का वाटत? भाकरी थापता थापता त्या म्हणाल्या, "आमच्या कांद्याचा भाव दुसराच ठरवतो, टोमॅटोचा पण. ह्या ताटाचा भाव मी ठरवते." दादा, मला यापुढे बोलायला काही उरलं नाही. जे काही रानात पिकतं त्याचा दर आडतीवर ठरतो. खोलीचा आणि जेवणाचा दर घरात ठरतो, आणि बऱ्याच ठिकाणी तो पैसा बाईच्या हातात येतो. शिवाय तो येतो मेमध्ये, बी-बियाणं, खतं यांना पैसे लागतात नेमके तेव्हा. पाहुण्यानं त्यात घासाघीस करू नये, ताटात टाकू नये, कामाच्या माणसाला 'जरा इकडे बघा' म्हणत फोटोसाठी थांबवू नये. तुमचा अपमानाचा मुद्दा मला याच ठिकाणी मान्य आहे, आणि तो दोष पाहुण्याच्या वागण्याचा आहे.

राहिलं गावी नेण्याचं. ज्यांना गाव आहे, घर उघडं आहे, चुलते-मामा बोलावतात, त्यांनी तिकडेच जावं, याहून चांगलं काही नाही. पण कितीतरी जणांच्या जमिनी धरणाखाली गेल्या, कितीतरी जणांच्या वाटण्यांत विकल्या गेल्या. आणि ज्यांच्या घरात सातबाऱ्यावर कधी कुणाचं नावच नव्हतं, पिढ्यान् पिढ्या दुसऱ्याच्या बांधावर राबण्यात गेल्या, त्यांच्या मुलांनी कुठल्या मामाच्या गावाला जायचं? त्यांनी मानानं पैसे देऊन, पाहुणे म्हणून, एखाद्या शेतावर राहावं यात मला काहीही वावगं दिसत नाही.

एक इशारा मात्र मी दरवेळी देते, इथेही देते. जुन्नर तालुक्यात बिबट्या आहे आणि तो उसात राहतो. उसात वर्षभर आडोसा मिळतो, माद्या तिथेच पिल्लं देतात. माणिकडोहला बिबट निवारा केंद्र आहे ते उगाच नाही. अंधार पडायच्या आत मुलं घरात हवीत, उसाच्या कडेला लपाछपी नको, आणि रात्री बाहेर जावं लागलंच तर मोठं माणूस आणि बॅटरी सोबत हवी. घरचे लोक सांगतील ते निमूट ऐकायचं.

शेवटी तुम्ही विचारलं आहेत, की गुडघे दुखणाऱ्या सत्तरीच्या आईला घेऊन यायचं तर तिनं गाडीतच बसून राहायचं का? मुळीच नाही. तुम्ही नि मुलं शिवनेरी करून या, तोवर आईंना शेतावरच्या घरी आराम करू दे. चारनंतर सगळे मिळून नाणेघाटाच्या रस्त्याला लागा. वाटेत पूर गावात कुकडेश्वराचं जुनं कोरीव दगडी देऊळ आहे, कुकडी नदीचा उगम तिथलाच. देवळापर्यंत गाडी जाते, सावली आहे, आईंना निवांत बसता येईल. पुढे घाटमाथ्यावरही गाडी जाते. जकातीचा म्हणून दाखवतात तो दगडी रांजण माथ्यावरच, रस्त्याच्या जवळ आहे, तो आईंनाही बघता येईल. गुहेतला सातवाहन राणी नागनिकेचा ब्राह्मी लेख बघायला मात्र थोडं उतरावं लागतं, तिथे मुलांनाच न्या. संध्याकाळचा वारा जोराचा असतो, आईंसाठी शाल घ्या.

कधी येताय ते कळवा. शाकाहारी स्वयंपाक, खाली झोपायची खोली आणि घरालगत संडास असलेलं घर लागेल ना? तशी घरं माहितीत आहेत, विचारून सांगते.